केसाला लागलेला धक्का

केसालाही धक्का लागू देणार नाही, असं सहज म्हणतात माणसं.
तो धक्का नेमका किती,
हे मोजायचं माझं काम. एकतीस वर्षं झाली.
आखेन शहरात, तळमजल्यावर,
जिथे हवेतला दमटपणाही नोकरीला आहे:
पासष्ट टक्के, ना कमी ना जास्त.
ओल वाढली की केस फुगतो, आणि थापा मारतो.

पाकीट आलं नॉर्डर्नाय बेटावरून.
बत्तीस सेंटिमीटरची बट, मुळाकडे लाल दोरा.
फिर्यादी फ्राउके हार्म्सन, फेरीबोटीवर तिकिटं तपासते.
प्रतिवादी नेव्हिन सोयदान, बंदराजवळचं सलून.
एकीचं म्हणणं, हिने ब्लीचने माझे केस जाळले.
दुसरीचं, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून.
बाकीचं तुमच्या डेकवरच्या वाऱ्याला विचारा.
वाऱ्यावर समन्स निघत नाही.
म्हणून मला विचारलं.

केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, साधारण.
म्हणजे बट ही रोजनिशी, उलटी धरायची:
मुळाशी हा सप्टेंबर, टोकाला पावणेतीन वर्षांपूर्वीचा हिवाळा.
मी तिचे बत्तीस तुकडे केले. बत्तीस बाटल्या.
थोडे कॉस्टिक सोड्यात, पासष्ट अंशांवर, अर्धा तास.
धडधाकट केस सोड्याला दाद देत नाही फारशी,
दुखावलेला विरघळतो,
आणि जितकं दुखणं तितकं वजन घटतं.
उरलेले यंत्राच्या चिमट्यात, पाण्यात बुडवून,
हळूहळू ओढायचे,
तुटेपर्यंत.
आवाज होत नाही. कागदावरची रेघ खाली पडते फक्त.

ऊन सावकाश लिहितं. टोकाकडे उतार असतो, जिना नाही.
ब्लीच मात्र पायरी पाडतं: इथवर काही नाही, इथून पुढे सगळं.
आणि पर्म
केसाच्या आत गंधकाच्या जोड्या सोडवतो,
नव्या वळणावर पुन्हा बांधायला.
बहुतेक बांधल्या जातात.
काहींना आपला जोडीदार सापडत नाही.

तिसऱ्या सेंटिमीटरला पायरी. जून महिना. नेव्हिनची.
बुटकी, चाळीस मिनिटांचीच.
मग उतार, उतार. डेक, फेऱ्या, मीठ.
आणि सतराव्याला
मी चष्मा पुसला.
उभा कडा.
ब्लीच, आणि बहुधा त्याच सुमारास पर्म,
शेजारशेजारचे केस, एक करपलेला, एक कोरा,
आरशात मागचं दिसत नाही
तेव्हा होतं तसं.

अर्जात प्रश्न होता: याआधी काही प्रक्रिया?
तिने लिहिलं होतं नाही,
आणि खाली रेघ मारली होती. दोनदा.

सतरा महिन्यांपूर्वीचा एप्रिल.
त्या बेटावर तेव्हा कोण आलं, कोण गेलं,
बाटलीत उतरत नाही ते.
पण मीही एकेचाळिसाव्या वर्षी एकदा,
रात्री दोन वाजता, न्हाणीघरात,
एका हाताने ब्रश, दुसऱ्या हाताने नळ धरून
तांबडे करून घेतले होते केस.
सकाळी कुणी विचारलं तर म्हणाले, उन्हाने.
फेब्रुवारी होता.

अहवालात दोन्ही पायऱ्या लिहिल्या, उंचीसकट.
उताराला उतार म्हटलं.

आठवड्याने फोन आला. पैशांचं विचारलंच नाही तिने.
मागे कुठेतरी बोटीचा भोंगा.
"मुळाजवळचे तीन सेंटिमीटर? ते कसे आहेत?"
"उत्तम," मी म्हणाले. "ओले असतानाही चिवट."
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"मग तिथूनच कापायला सांगते."
"कुणाला?"
"नेव्हिनला. या टोकाला दुसरं सलून आहे कुठे?"